गिअरबॉक्सला काय पाजता?

छोट्या गाडीत कोणतं ऑइल घालावं यावर बोला, असं आकाशवाणीनं सांगितलं आणि मिनिटं दिली आठ. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल, दोन्हींवर मिळून. चार मिनिटं याला, चार मिनिटं त्याला, असा हिशेब त्यांनी केला असावा. तो मी पाळणार नाही. इंजिन ऑइलची काळजी तुम्ही घेताच. गाडी सर्व्हिसिंगला टाकली की ते बदललं जातं, बिलावर दिसतं. गिअरबॉक्सकडे मात्र तो ओरडायला लागेपर्यंत कुणी बघत नाही.

तरी इंजिनचं उरकून घेऊ. गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढा. समोरच्या खणात, पीयूसीच्या जुन्या कागदांखाली असतं ते. त्यात छापलेला ग्रेड घालायचा. प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यातली जाड ऑइलं विसरा. आजच्या लहान पेट्रोल इंजिनांना ५ डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं, ० डब्ल्यू-२० असतं, काहींना ० डब्ल्यू-१६ सुद्धा. मग लोक विचारतात, चंद्रपूरच्या उन्हात एवढं पातळ ऑइल टिकायचं कसं? अहो, बाहेर २० अंश असोत की ४६, थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून इंजिनातलं पाणी नव्वद अंशांच्या आसपासच ठेवतात. आणि ग्रेडमधला शेवटचा आकडा ठरतो तो १०० अंशांना ऑइल किती दाट राहतं यावर. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडपणीचा. तो लहान असला की सकाळी चावी फिरवल्यावर ऑइल वरपर्यंत लवकर पोचतं, आणि इंजिन झिजतं ते बरंचसं तेव्हाच. पुस्तकातल्यापेक्षा जाड ऑइल घालून इंजिनवर उपकार होत नाहीत. झालं इंजिनचं.

फक्त एक अक्षरांची गोष्ट राहिली, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. पेट्रोल इंजिनच्या डब्यावर एपीआयची दोन अक्षरं असतात. एसएल, एसएम, एसएन, आणि २०२० पासून एसपी. यात पुढचं अक्षर म्हणजे नंतरचं, अधिक चांगलं. तुमच्या पुस्तकात एसएल असेल आणि दुकानात एसपी मिळालं, तर ग्रेड तोच बघून खुशाल घ्या. हा नियम सगळ्यांना पाठ झालाय. आणि तोच नियम घेऊन लोक गिअर ऑइलच्या फळीसमोर उभे राहतात. तिथे असतं जीएल-४ आणि जीएल-५. पाच मोठं, म्हणून पाच चांगलं. वीस-पन्नास रुपये जास्त पडले तरी हरकत नाही, गाडीचं भलं होईल!

इथेच थांबा. गिअरच्या डब्यावर पुढचा आकडा म्हणजे सुधारलेलं ऑइल नव्हे, वेगळ्या कामाचं ऑइल. जीएल-५ निघालं ते मुख्यतः मागच्या धुरीतल्या हायपॉइड क्राउन-पिनियनसाठी. तिथे दात एकमेकांवर दाबले जातात आणि दाबले असतानाच घसरतात, म्हणून त्यात सल्फर आणि फॉस्फरसची औषधं साधारण दुप्पट घालतात. तुमच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीत ती भानगडच नाही. ऑल्टो घ्या, वॅगनआर घ्या. इंजिन आडवं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत, आणि त्या डिफरन्शियलचे दात साधे तिरपे. त्या पेटीत अजून एक नाजूक मंडळी राहतात. सिंक्रो रिंगा. बऱ्याच गाड्यांत त्या पितळी असतात.

या रिंगा काय करतात ते बघा. सुटलेल्या एसटीत चढणारा माणूस तुम्ही पाहिलाय. कदाचित तोच तुम्ही असाल, आता वयाप्रमाणे सोडलं असेल. तो आधी बसबरोबर धावतो, दारातला दांडा पकडतो, दांडा त्याला ओढतो, बसचा आणि त्याचा वेग एक होतो, आणि मगच तो पायरीवर पाय टाकतो. तुम्ही दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकता तेव्हा आत हेच चाललेलं असतं. बस म्हणजे फिरणारं गिअर, दांडा पकडणारा हात म्हणजे सिंक्रो रिंग. हाताची पकड बसली की वेग जुळतो आणि गिअर अलगद पडतो. आता त्याच माणसाच्या तळव्याला भरपूर तेल चोपडा. दांडा निसटतो, वेग जुळत नाही, पण पाय तर पुढे टाकलेलाच असतो. तो पायरीच्या कडेवर आपटतो. तेच ते ‘कर्र’. थंड गाडीत दुसरा गिअर टाकताना तुम्ही ऐकता आणि क्लचला दोष देता. जीएल-५ मधली औषधं हा हात गुळगुळीत करतात. शिवाय जुन्या धाटणीच्या जीएल-५ मधलं सल्फर गरम झालं की पितळालाच खातं, म्हणजे हाताची सालही निघते. आमचं हल्लीचं जीएल-५ पितळ खात नाही, असं कंपन्या सांगतात. मान्य. पण पकडीचं काय?

गॅरेजमध्ये विचारा, “दादा, गिअरबॉक्सला काय टाकलं?” उत्तर ठरलेलं, “नाइन्टी नंबर.” मेकॅनिकवर मी रागावत नाही. अॅम्बेसिडर-पद्मिनीवर हात बसलेल्या उस्तादांकडून तो शिकला, आणि कोपऱ्यातलं पिंप तेच चालत आलंय. पण नव्वद हा नुसता दाटपणाचा आकडा झाला. जीएल कितवं, हे त्यातून कळतच नाही. आणि नव्वद म्हणजे इंजिनच्या चाळीसच्या दुप्पट जाड असंही समजू नका. दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे. गिअरचं नव्वद गरम झाल्यावर इंजिनच्या चाळीस-पन्नासच्याच आसपास भरतं. तेव्हा पुस्तकात ७५ डब्ल्यू-८० असेल किंवा ७५ डब्ल्यू-९०, तो आकडा बघा आणि शेजारी जीएल-४ लिहिलंय का ते बघा. पुन्हा सांगतो, कारण रेडिओ ऐकताना कुकरची शिट्टी होते आणि नेमकं कामाचं वाक्य निसटतं. पुढच्या चाकांवर चालणारी, हातानं गिअर टाकायची छोटी गाडी असेल आणि पुस्तकात जीएल-४ असेल, तर जीएल-४ च. पाच नको. फुकट दिलं तरी नको.

ज्यांच्याकडे ईको किंवा जुनी ऑम्नी आहे ते आता म्हणतील, आमच्या पुस्तकात जीएल-५ आहे. असेल. तुमची गाडी मागच्या चाकांवर चालते, मागच्या धुरीत ते हायपॉइड आहे, तिथे पाच हवंच. पण गिअरबॉक्सची पेटी निराळी, तिचं ऑइल पुस्तकात निराळं दिलेलं असतं. एका डब्यातून दोन्ही भरू देऊ नका.

बदलताना उभे राहा, फोनवर बोलत बसू नका. ड्रेन प्लगच्या आधी वरचा भरण्याचा प्लग सुटतो का ते बघायला सांगा. तो गंजून बसला असेल आणि तोवर जुनं ऑइल खाली सांडलं असेल, तर गाडी तिथेच अडकते. गाडी सपाट उभी हवी, आणि त्या भोकाच्या काठाला ऑइल येईपर्यंत भरायचं. साधारण दोन लिटर जातं, त्याहून फार कमी गेलं तर जुनं पुरतं निघालेलं नाही. प्लगच्या चुंबकावर बारीक काळा गाळ दिसला तर घाबरू नका, निघालेल्या ऑइलमध्ये पिवळी चमक दिसली तर मात्र...

वेळ होत आलीय. एएमटीवाल्यांची पत्रं येतील म्हणून घाईनं सांगतो. तुमचा गिअरबॉक्स आतून हाताच्या गिअरसारखाच असतो, त्याला तसंच ऑइल. पण क्लच-गिअर हलवणारा जो हायड्रॉलिक भाग असतो त्याचं ऑइल वेगळं, आणि सीव्हीटीचं तर सगळंच... काचेपलीकडून बाई हात दाखवताहेत. सीव्हीटीवाल्यांनो, मी आत्तापर्यंत जे घसा फोडून सांगितलं ते तुमच्यासाठी नाही. तुमच्यात जीएल-४ चुकूनही घालू नका. नमस्कार.