जुन्या संगणकाची दुभाषी



गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. “ताई, माझं वय झालं. हे मोबाईलचं आता मला जमायचं नाही.” त्यावर आज तुम्हाला एका जुन्या संगणकाची गोष्ट सांगते.

१९८२ साली अमेरिकेत कमोडोर ६४ नावाचा घरगुती संगणक निघाला. जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं यंत्र, आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही. त्याची मेमरी फक्त ६४ किलोबाइट. आपल्या मोबाईलमधला एक फोटोसुद्धा तिच्यात मावायचा नाही. वायफाय तेव्हा नव्हतंच. दुसऱ्या संगणकाशी बोलायचं तर टेलिफोनची लाइन आणि मोडेम नावाची पेटी लागायची. मोडेमला सांगायची भाषाही ठरलेली. आधी ‘एटी’ टाइप करायचं, म्हणजे ‘इकडे लक्ष दे’. मग ‘डी’ आणि नंबर दिला की मोडेम फोन लावायचा.

हे संगणक हौशी लोकांनी आजही जपलेत. त्यांना वायफायवर कसं आणलं? संगणक बदलला नाही. त्याच्या शेजारी एक दुभाषी बसवली. ईएसपी ८२६६ ही चिप असलेली पट्टी काड्यापेटीपेक्षा लहान मिळते. ती संगणकाच्या मागच्या जोडणीला लावतात. संगणक जुन्या सवयीने ‘एटीडी’ म्हणतो आणि नंबराच्या जागी इंटरनेटचा पत्ता देतो. चिप वायफायवरून तिथे पोहोचते आणि उलट सांगते, ‘कनेक्ट’. म्हाताऱ्याला वाटतं, फोन लागला!

गंमत म्हणजे संगणकाचे सेकंदाला साधारण १० लाख ठोके, तर चिपचे ८ कोटी. तरी चालायचं म्हाताऱ्याच्या पावलाने. हंड्याने आलेलं पाणी तांब्या-तांब्याने ओतावं, तशी ती अक्षरं हळूहळू पुढे देते. एक काळजी मात्र घ्यावी लागते. संगणकाच्या त्या जोडणीवर ५ व्होल्ट असतात आणि चिपला ३.३ चालतात. म्हणून मध्ये व्होल्ट जुळवणारा भाग बसवतात, नाहीतर चिप जळू शकते.

आपली बँक सखी हेच काम करते. आजीला इंग्रजी येत नसलं तरी अडत नाही. आजीने आपल्या बोलीत सांगायचं, सखीने ते बँकेच्या भाषेत करायचं. शिकलेलीने शिकायचं असतं ते आजीची भाषा. “तुम्हाला कळणार नाही, मीच करते” म्हणणारी दुभाषी नव्हे.

आता धोक्याचं. दुभाषीच्या हातून सगळं जातं, म्हणजे तिला सगळं कळतं. या जुन्या संगणकांची अक्षरं बहुतेक वेळा कुलूप न लावताच जातात, वाटेत कुणीही वाचू शकतं. म्हणून जाणकार हौशी त्यावरून गप्पा करतात, खेळ खेळतात. पैशाचे व्यवहार करत नाहीत. आपणही तसंच वागायचं. मदत जरूर घ्या, पण पिन आणि ओटीपी कुणालाच सांगू नका, अगदी मलासुद्धा. अंगठा लावण्याआधी रक्कम विचारा. नंतर पावती मागा आणि ती वाचून दाखवायला सांगा.

येत्या बैठकीत प्रत्येक शिकलेल्या मुलीने एका आजीशेजारी बसायचं. फोन आजीच्याच हातात ठेवायचा. बोट आजीचं, मुलीने फक्त सांगायचं. वेळ लागेल. लागू दे.