क्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल : उपयुक्तता आणि दायित्व



अ‍ॅसेटिक आम्लाच्या मिथिल गटातील एका हायड्रोजनची जागा क्लोरीनने घेतली की मोनोक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल तयार होते. क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे आम्लता वाढते. पीकेए मूल्य ४.७६ वरून सुमारे २.८७ पर्यंत उतरते. याचे रंगहीन स्फटिक सुमारे ६३ अंश सेल्सिअसला वितळतात आणि पाण्यात सहज विरघळतात. गव्हातील तणांवरील २,४-डी हे तणनाशक आणि कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज यांचा हा कच्चा माल आहे.

मात्र हे आम्ल त्वचेतून शोषले जाते व पेशींची ऊर्जानिर्मिती रोखते. शरीराच्या दहा टक्क्यांहून कमी भागावर सांडूनही मृत्यू ओढवले आहेत. गंभीर लक्षणे काही तासांनी दिसू शकतात. खात्रीचा उतारा नाही. म्हणून तत्काळ भरपूर पाण्याने धुणे आणि रुग्णालय गाठणे अत्यावश्यक ठरते.

हा धोका बाजारभावात उमटत नाही. अर्थशास्त्रात यालाच नकारात्मक बाह्यता म्हणतात. भोपाळ दुर्घटनेनंतर (१९८४) आलेल्या सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ ने दोष सिद्ध न करताही पीडितांना मदतीचा हक्क दिला. त्यात कामगार मोडत नाहीत. त्यांच्या भरपाईचा कायदा वेगळा आहे. परंतु आम्लाच्या सर्वांत जवळ तोच उभा असतो. भरपाई अपघातानंतर मिळते. पाण्याचा फवारा आणि हातमोजे त्याआधी हवेत. तो खर्च उत्पादनखर्चातच धरला पाहिजे.