विरंजक द्राव आणि त्यास योग्य पंप

(ज्ञातिसंस्थेच्या किन्हवली येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांचे सत्कार, शिष्यवृत्त्या, लग्नातील खर्चाला आळा हे आपल्या मेळाव्याचे नेहमीचे विषय. ते सोडून आज आम्ही पंपासारख्या रुक्ष विषयावर बोलावयास उभे राहिलो, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्या विषयावर आपल्या मुलांचे पोट आणि त्यांचे डोळे, दोन्ही अवलंबून आहेत, तो आमच्या मते मेळाव्याबाहेरचा नव्हे.

शहापूर आणि मुरबाड यांच्या मधल्या या किन्हवलीच्या पट्ट्यात चार महिने पाऊस कसा कोसळतो, हे आपणांस सांगावयास नको. पागोळ्यांखालच्या भिंती हिरव्या होतात, उघडीप पडली की तोच हिरवा रंग काळा पडतो आणि दसरा जवळ आला की जो तो भिंतीकडे पाहू लागतो. पूर्वी चुन्याचा एक हात दिला की काम भागत असे. आता सिमेंटची घरे, शाळा, देवळांची शिखरे, शहरातल्या लोकांची फार्महाऊसे, आणि पलीकडे बदलापूर-कल्याणच्या उंच इमारती एवढे सारे धुऊन काढावयाचे असते. आपल्यातील काही तरुण या बाहेरच्या साफसफाईच्या धंद्यात उतरले आहेत. कोणी म्हणेल, भिंती धुणे हा काय धंदा झाला? आमचे उत्तर असे की, ज्या कामात रसायन, यंत्र आणि उंची या तिहींचे ज्ञान लागते, ते काम हलके नव्हे. हलका असतो तो अर्धवट ज्ञानाने केलेला धंदा, मग तो कोणताही असो.

भिंतीवरचे शेवाळ मारणारे द्रव्य आपणांस परके नाही. ग्रामपंचायतीचा कर्मचारी विहिरीत जी टी.सी.एल. पावडर टाकतो, तेच विरंजक चूर्ण. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ साली त्याचा एकाधिकार घेतला, तो कापड पांढरे करण्यासाठी. आपल्याच तालुक्यातील भातसा आणि तानसा यांचे पाणी मुंबईस जाते, तेही क्लोरिनने शुद्ध होऊनच तेथील नळांस येते. साफसफाईच्या धंद्यात चूर्णाऐवजी बहुधा त्याचा द्रवरूप भाऊबंद वापरतात. त्याचे नाव सोडियम हायपोक्लोराइट. बाजारात कॅनमध्ये मिळतो तो ताजा असता १० ते १२ टक्क्यांचा असतो. भिंतीस सामान्यतः १ ते ३ टक्क्यांचा पुरतो. १० टक्क्यांच्या एका लिटरात ४ लिटर पाणी मिसळले की २ टक्क्यांचा द्राव तयार होतो, इतका हा हिशोब सोपा आहे.

हिशोब सोपा असला तरी द्राव सोपा नाही. जो गुण शेवाळास मारतो, तोच गुण लोखंड, पितळ, रबर आणि मनुष्याची त्वचा यांसही सोडत नाही. म्हणून आज सांगावयाचे मुख्य सूत्र एवढेच की, पंप घेताना त्याचे अश्वबल मागाहून विचारावे, त्याचे पोट कशाचे आहे ते आधी विचारावे. द्राव ज्या ज्या भागास स्पर्श करतो तो प्रत्येक भाग, म्हणजे डोके, झडप, स्प्रिंग, वॉशर, नळी आणि तोटी, या द्रावास टिकणारा पाहिजे. त्यांतील एक जरी टिकला नाही तरी पंप टिकला नाही असेच समजावे.

प्रथम धातू पाहू. विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपाचे अंग बिडाचे आणि आतला पंखा पुष्कळदा पितळेचा असतो. या द्रावात दोन्ही झिजतात. ॲल्युमिनियम तर द्रावातील अल्कलीनेच खाल्ले जाते. 'आमचा पंप स्टेनलेस स्टीलचा आहे' असे दुकानदार अभिमानाने सांगतो. परंतु या पोलादासही विरंजक द्रावाने बारीक बारीक खड्डे पडतात. ३०४ क्रमांकाचे त्यास टिकत नाही आणि महागडे ३१६ क्रमांकाचेही भरवशाचे नाही. धातूंमध्ये खरोखर टिकतात ती टायटॅनियम आणि हॅस्टेलॉय-सी यांसारखी मिश्रणे. म्हणून चांगल्या पंपात केवळ चिमुकली स्प्रिंग तेवढी अशा धातूची घालतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तांबे, निकेल, कोबाल्ट यांचा अंश जरी द्रावात उतरला तरी द्राव विघटन पावून त्यातून प्राणवायू सुटू लागतो. म्हणजे पितळेची तोटी स्वतः तर मरतेच, मरता मरता द्रावाचीही शक्ती घालविते.

प्लॅस्टिकमध्ये पी.व्ही.सी. आणि जाड पॉलिएथिलीन यांचा अनुभव चांगला आहे. पॉलिप्रॉपिलीन सौम्य द्रावास चालते, पण तीव्र द्राव आणि ऊन यांच्या तडाख्यात ते ठिसूळ होते. नायलॉन मात्र टाळावे. रबराच्या बाबतीत तर फसगत फारच होते, कारण सर्व वॉशर दिसावयास सारखेच काळे. साधे रबर आणि नायट्राइल रबर या द्रावात फुगते वा चिरते. व्हायटॉन किंवा ई.पी.डी.एम. जातीचे वॉशर टिकतात. दुकानदारास 'रबर कोणते?' असे विचारावे आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे. जो लिहून देत नाही, त्याचा पंप घेऊ नये.

शंका राहिलीच तर एक घरगुती परीक्षा आहे. काचेच्या बरणीत थोडा द्राव घ्यावा, त्यात पंपाचे सुटे वॉशर आणि नळीचा एक तुकडा टाकावा, झाकण सैल ठेवावे आणि बरणी सावलीत, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी पंधरा दिवस ठेवावी. वॉशर फुगला, चिकट झाला किंवा वाकविताच तडकला, तर निकाल लागला. ही परीक्षा रबर-प्लॅस्टिकचीच करावी, धातूची नको, कारण धातूने वायू सुटतो.

आता पंपांचे प्रकार घेऊ. आपल्या घराघरांत पाठीवरचा फवारणी पंप आहे. त्याची टाकी प्लॅस्टिकची असते म्हणून तो चालेल असे वाटते, पण पुष्कळदा आतील नळकांडे आणि पुढची तोटी पितळेची निघते. सर्व भाग प्लॅस्टिकचे आणि वॉशर योग्य जातीचे असतील, तर लहान ओट्या-भिंतींच्या कामास तो पुरे. मात्र तो पंप त्याच कामाचा ठेवावा, शेतीच्या फवारणीस पुन्हा नेऊ नये. टाकीत युरियाचा अंश राहिला असेल तर विरंजकाशी त्याचा संयोग होऊन विषारी, आणि प्रसंगी स्फोटक, द्रव्ये तयार होतात.

बागायतदारांचा एच.टी.पी. पंप आणि मोटारी धुण्याचा उच्च दाबाचा पंप यांची डोकी बहुधा पितळेची असतात. त्यांच्या पोटातून विरंजक कधीच नेऊ नये. उच्च दाबाचा पंप वापरावयाचाच असेल तर त्यातून स्वच्छ पाणी न्यावे आणि पंपाच्या पुढे, नळीवर बसविलेल्या शोषक जोडणीने द्राव ओढून घ्यावा, म्हणजे तो डोक्यात शिरत नाही.

मध्यम कामास सर्वांत सोयीचा तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा पडद्याचा पंप, ज्यास इंग्रजीवरून डायफ्रॅम पंप म्हणतात. त्यात मोटर आणि द्राव यांच्यामध्ये लवचिक पडदा असतो, म्हणून द्राव मोटरीपर्यंत पोहोचत नाही. मिनिटास ५ ते २० लिटर आणि ४ ते ७ बार दाब एवढे त्याचे सामर्थ्य. त्याचाही पडदा आणि झडपा कोणत्या द्रव्याच्या आहेत हे पाहिल्यावाचून घेऊ नये. मोठ्या इमारतींवर हवेच्या दाबाने चालणारा दुहेरी पडद्याचा पंप उत्तम. तो कोरडा फिरला तरी लगेच बिघडत नाही, तोटी बंद केली तर आपोआप थांबतो, आणि जवळ विजेची मोटर नसते. पण त्यास कॉम्प्रेसर लागतो, म्हणून खर्च अधिक. एका पिंपातून दुसऱ्यात द्राव ओतण्यापुरता चुंबकाने फिरणारा प्लॅस्टिकचा पंप चांगला. त्यास दांड्याचे सील नसल्यामुळे गळतीची जागाच नाही. मात्र तो कोरडा फिरविला तर लवकर बिघडतो.

दाबाविषयी एक गैरसमज आहे. तरुणांस वाटते, दाब जितका जास्त तितकी भिंत स्वच्छ. वस्तुतः शेवाळ मारण्याचे काम द्राव करतो, आणि त्यास दहा-पंधरा मिनिटे भिंतीवर बसू दिले की पुरते. जोराच्या धारेने जुन्या दगडी भिंतीचा चुना निघतो, कौले सरकतात, आणि उडालेले तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर येतात. दाब हवा तो उंची गाठण्यापुरता. दर १० मीटर उंचीस साधारण १ बार दाब खर्च होतो. म्हणजे १२ मीटरांच्या इमारतीस उंचीपोटीच १.२ बार गेला. उरलेला नळीत जातो. नळीचा आतील व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच प्रवाहास घर्षण सुमारे ३२ पट होते. म्हणून मोठा पंप घेण्याआधी रुंद नळी घ्यावी. ती स्वस्त पडते.

जे लोक द्रावाऐवजी टी.सी.एल. पावडर कालवून वापरतात, त्यांनी एक काळजी घ्यावी. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरिन असतो, बाकी बराचसा चुना. तो विरघळत नाही. तसाच पंपात गेला तर झडपेखाली बसतो आणि पंप ओढेनासा होतो. पावडर रात्री पिंपात कालवावी, सकाळी वरची निवळी हलकेच काढून, गाळून घ्यावी.

हा द्राव पिंपात स्वस्थ बसलेला नसतो, त्यातून वायू सुटत असतो. दर १० अंश सेल्सिअस उष्णतेस त्याचे विघटन दुपटी-तिपटीने वाढते. म्हणून कॅन उन्हात ठेवू नये आणि बूच हवा सोडणारे असावे. काम संपल्यावर नळीच्या दोन्ही तोट्या बंद करून आत द्राव कोंडून घरी जाणे हे फार धोक्याचे. सामान्य बॉल व्हॉल्व्हच्या पोकळीत अडकलेला द्रावसुद्धा दाब धरून व्हॉल्व्ह फोडू शकतो. त्यासाठी हवा सोडण्याचे छिद्र असलेला व्हॉल्व्ह मिळतो, तो बसवावा. रोज संध्याकाळी पंपातून दहा मिनिटे स्वच्छ पाणी न्यावे. या दहा मिनिटांनी पंपाचे आयुष्य जितके वाढते, तितके किमतीने वाढत नाही.

सर्वांत कडक नियम शेवटी सांगतो. फरशीवरचे सिमेंटचे डाग काढण्यास जे ॲसिड वापरतात, ते आणि विरंजक द्राव यांचा पंप, पिंप, नळी, एवढेच काय बादलीही एक असू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू निघतो. २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात ईप्र येथे सैनिकांवर सोडला होता तो हाच वायू. कापडाचा रुमाल त्यास अडवीत नाही. असा वास येताच सर्व टाकून वाऱ्याच्या उलट दिशेस निघून जावे. फवारताना डोळ्यांस बंद चष्मा, हातांत रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायांत गमबूट असावेत, आणि वारा पाठीशी घ्यावा. डोळ्यात थेंब गेला तर निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा. झाडे आणि तुळशीवृंदावन आधी पाण्याने भिजवून घ्यावीत, मागाहून पुन्हा धुवावीत. धुतलेले पाणी विहिरीत वा ओढ्यात उतरू देऊ नये. ज्या द्रव्याचा मोजका अंश विहिरीतील जंतू मारतो, त्याचाच लोट ओढ्यातील मासे मारतो.

इतके ऐकून एखादा तरुण म्हणेल, हे सारे खरे, पण चांगला पंप घ्यावयास पैसा कोठून आणावा? त्याचे म्हणणे रास्त आहे. ऐन दिवाळीच्या हंगामात कर्जाने घेतलेला स्वस्त पंप दहा दिवसांत खाल्ला जातो. मग हप्ते उरतात आणि काम जाते. त्याहून वाईट हे की, परांचीवर चढलेल्या मुलाच्या हाती नळी फुटते. म्हणून संस्थेच्या कार्यकारी मंडळापुढे आम्ही नम्रपणे एक सूचना ठेवतो. लग्नकार्यासाठी भांडी, सतरंज्या यांचा सामाईक साठा ठेवून त्या माफक भाड्याने देण्याची रीत आपल्या समाजास ठाऊकच आहे. त्याच पद्धतीने योग्य जातीचे दोन पडद्याचे पंप, रुंद नळ्या, वॉशरांचे जादा संच आणि चार माणसांचे चष्मे-मोजे संस्थेने घ्यावेत. जो हे साहित्य नेईल त्याने आधी ते उघडून, धुऊन, पुन्हा जोडून दाखवावे, एवढीच अट असावी. ज्यास पंप उघडता येतो, त्यास तो नीट निवडताही येतो.

भांड्यांच्या साठ्याने आपल्या घरांतील कार्ये पार पडली. या साठ्याने मुलांचे हातपाय आणि डोळे शाबूत राहून धंदा चालेल. ही सूचना येत्या बैठकीत विचारास घेतली जावी, अशी आमची विनंती आहे.