पिशवी काढण्याआधी

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल' असा विषय दिला होता. तो मी त्यांच्या परवानगीने बदलून घेतला. वाटचालीचे आपण जेवताना बोलू. आपण दहावी झालो तेव्हा आमगाव भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा झाला १९९९ मध्ये, म्हणजे आपण आपल्या जिल्ह्यापेक्षा मोठे आहोत. आपण सगळे आता पंचेचाळिशीच्या आसपास आलो आणि या वयाचाच एक विषय मला मांडायचा आहे. मुलांनी उठून चहाला जाऊ नये. तुमच्या घरी बायको आहे, बहीण आहे, वहिनी आहे.

आपल्या मुलींच्या ग्रुपवर अधूनमधून एक प्रश्न येतो. 'अंगावरून जास्त जातं, पिशवी काढून टाका म्हणतात. काय करू?' मग उत्तरे येतात. कुणी लिहिते, 'लेकरं झाली ना, मग ठेवून काय करायची?' कुणी लिहिते, 'काढून टाक, कटकट संपेल.' मी डॉक्टर नाही, त्यामुळे 'काढ' किंवा 'काढू नको' हे मी सांगणार नाही. पण माझ्या कामामुळे एक गोष्ट रोज पाहते, ती सांगते.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. प्रयोगशाळेत उंदरांच्या हाडांचे अतिशय बारीक स्कॅन काढतात. हाडाच्या आत किती भरीव आहे आणि किती पोकळ, हे त्या चित्रांवरून मोजणारे प्रोग्रॅम आमची टीम करते. या चित्रांमध्ये एक प्रयोग पुन्हा पुन्हा येतो. मादी उंदरांचे तीन गट करतात. पहिल्या गटाची दोन्ही अंडाशये शस्त्रक्रियेने काढतात. दुसऱ्या गटालाही तशीच भूल देतात, तसाच छेद घेतात, टाके घालतात, पण अंडाशये आत तशीच ठेवतात. याने कापण्याचा परिणाम कोणता आणि अंडाशय नसण्याचा कोणता, हे वेगळे कळते. तिसऱ्या गटाची अंडाशये काढून त्यांना इस्ट्रोजेन हे संप्रेरक बाहेरून देतात. आम्ही इंजिनिअर प्रोग्रॅममधला एक भाग बंद करून बघतो, काय काय बंद पडते ते लिहून ठेवतो आणि मग तो भाग परत चालू करतो. हे तसेच आहे.

ही पद्धत जुनी आहे. १९२३ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी अंडाशये काढलेल्या उंदरांना डुकरिणीच्या अंडाशयातील द्रव टोचला. मादी उंदराचे चक्र चार-पाच दिवसांचे असते आणि अंडाशये काढली की ते थांबते. टोचल्यावर सुमारे दोन दिवसांत त्या चक्राची खूण परत दिसली. अंडाशयातून काहीतरी रक्तात सुटते आणि ते दूरवर काम करते, हे त्यातून पक्के झाले. १९२९ मध्ये डॉइझींनी अशा संप्रेरकाचे शुद्ध स्फटिक वेगळे केले.

आमच्या पडद्यावर काय दिसते? दुसऱ्या गटातल्या उंदराच्या मांडीच्या हाडात, टोकाजवळ, मधमाशीच्या पोळ्यासारखी दाट जाळी असते. अंडाशये काढलेल्या उंदरात काही आठवड्यांतच ती जाळी विरळ होते, धागे तुटलेले दिसतात. हाड बाहेरून तेवढेच दिसते, आतून पोकळ झालेले असते. अशा उंदरांचे वजन वाढते, अंगात चरबी साठते. गर्भाशयही आक्रसून दोऱ्यासारखे बारीक होते. इस्ट्रोजेन दिलेल्या गटात यातले बरेच नुकसान टळते. शरीरात जुने हाड खाणाऱ्या पेशी असतात आणि नवे बांधणाऱ्याही असतात. इस्ट्रोजेन खाणाऱ्यांना लगाम घालते. लगाम सुटला की खाणे जास्त होते आणि बांधणे मागे पडते.

तुम्ही म्हणाल, आपण काही उंदीर नाही. खरे आहे. उंदरांना आपल्यासारखी पाळी येत नाही आणि आपल्यासारखी ती जातही नाही. आपली पाळी जाते तेव्हा अंडाशये काही वर्षे हळूहळू मंदावतात, शरीराला सवय करायला वेळ मिळतो. उंदराचे तसे नाही, त्याचे सगळे एका दिवसात जाते. ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशये गमावलेल्या बाईचेही तसेच एका दिवसात जाते. म्हणून नैसर्गिकपणे पाळी गेलेल्या आपल्या आईपेक्षा, अठ्ठाविसाव्या वर्षी अंडाशये काढलेली बाई त्या प्रयोगाच्या जास्त जवळ आहे. फरक एवढाच की उंदराची रोज नोंद ठेवतात आणि बाईला टाके काढल्यावर घरी पाठवतात.

माणसांवरचे पुरावेही आहेत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशये काढलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न मिळालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची बातमी सगळ्यांनी वाचली. तीन वर्षांत तिथल्या खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढल्याचा आकडा विधान परिषदेत सांगितला गेला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात, उचल आधीच घेतलेली असते आणि एक दिवसाचा खाडा पडला तर दंड बसतो. पाळीच्या दुखण्यापायी खाडा नको आणि कॅन्सरची भीती नको, म्हणून तरुण बायांनी पिशव्या काढल्या. पुढे कंबर, सांधे, घाम, झोप यांच्या तक्रारी घेऊन त्या परत त्याच फडात वाकल्या. खाडा वाचवायला केलेल्या ऑपरेशनने त्यांची काम करायची ताकदच कमी केली. आपल्याकडे ऊस नाही, धान आहे. पण रोवणीला दिवसभर चिखलात वाकणारी कंबर आपल्या सगळ्यांच्या घरात आहे, म्हणून ही गोष्ट मला दूरची वाटत नाही.

एक शब्द मात्र नीट समजून घ्या. आपण 'पिशवी' म्हणतो ते गर्भाशय. अंडाशये त्याच्या दोन बाजूंना असतात आणि संप्रेरके ती तयार करतात. नुसते गर्भाशय काढले तर अंडाशये काम करत राहतात, जरी काहींची ती थोडी लवकर थकतात. पण पुष्कळ बायांना आपले नेमके काय काढले हेच माहीत नसते. घरी जाऊन आईचे, वहिनीचे जुने डिस्चार्ज कार्ड बघा. त्यावर 'बीएसओ' अशी इंग्रजी अक्षरे असतील तर दोन्ही अंडाशये आणि नळ्याही काढलेल्या आहेत.

काही वेळा हे ऑपरेशन लागतेच. कॅन्सर असेल, फार मोठ्या गाठी असतील, औषधाने न थांबणारा रक्तस्राव असेल तर ते जीव वाचवते. अशा वेळी घाबरून टाळू नका. पण नुसते पांढरे जाणे, कंबरदुखी किंवा 'पुढे कॅन्सर होऊ शकतो' एवढ्यावर टेबलावर झोपू नका. आधी चार प्रश्न विचारा. नेमका आजार कोणता आणि तो कोणत्या तपासणीत दिसला? औषधाने किंवा हार्मोन असलेल्या कॉपर-टीसारख्या साधनाने भागेल का? अंडाशये ठेवणार की काढणार, आणि काढणार तर का? काढल्यानंतर हाडांचे आणि हार्मोनचे काय करायचे? मग दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. गोंदियाला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे जाता येते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेले ऑर्मेलॉक्सिफेन सरकारी दवाखान्यात 'छाया' नावाने मिळते. तिथे ते पाळणा लांबवण्यासाठी देतात, पण जास्त रक्तस्रावावरही ते डॉक्टर वापरतात. तुमच्यासाठी योग्य आहे का, हे त्यांनाच विचारा.

ज्यांचे ऑपरेशन होऊन गेले त्यांनी मनाला लावून घेऊ नये. करण्यासारखे अजून पुष्कळ आहे. आपल्या देशात पाळी साधारण सेहेचाळीसच्या आसपास जाते. त्याच्या बरीच आधी अंडाशये गेली असतील तर त्या वयापर्यंत बाहेरून हार्मोन घेता येतात का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांना ते सहसा देत नाहीत. हाडांची घनता तपासा, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम बघा, बीपी आणि साखर बघा, रोज चाला, थोडे वजन उचला.

मित्रांनो, तुमच्यासाठी एकच काम. घरात हा विषय निघाला की 'बायकांचं बायका बघतील' म्हणू नका. सोबत जा, तिच्या शेजारी बसा आणि ते चार प्रश्न विचारताना तिचा आवाज बारीक झाला तर तुम्ही विचारा.

सर, बाई, वर्गात तुम्ही 'समजलं नाही तर हात वर करा' म्हणायचात. या वयात आपल्याला तेच करायचे आहे, फक्त बाकाऐवजी दवाखान्यात.