रिकाम्या हाताने परतलेली नामी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



चालकांनी मला विषय दिला तो ‘संसारातील बदल आणि ख्रिस्ती स्त्रीचे धैर्य’ असा. विषय भारदस्त आहे. पण धैर्य हा शब्द आपल्या सभांतून इतक्या वेळा उच्चारला जातो की, जिला सकाळी उठून चहाचे आधण ठेवणेही जड झाले आहे अशा बाईला तो ऐकून धीर येत नाही, उलट लाज वाटते. आपलाच विश्वास कमी पडला, असे ती मनाशी म्हणते. म्हणून मी आज प्रथम एका कडवट झालेल्या बाईची गोष्ट घेते.

रूथचे पुस्तक अवघे चार अध्यायांचे. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नामी नवरा आणि दोन मुलगे यांच्यासह मवाब देशी गेली. तेथे नवरा वारला. मुलांनी मवाबी मुली केल्या, आणि सुमारे दहा वर्षांनी तेही गेले. मागे उरल्या तीन विधवा. गावाकडे पीकपाणी बरे आहे असे कानी आले तेव्हा नामी निघाली. एक सून, अर्पा, रडत माहेरी परतली. तिला आपण उगाच नावे ठेवतो. पवित्र शास्त्राने ठेवलेली नाहीत. दुसरी, रूथ, सासूबरोबर चालू लागली.

रूथने वाटेत सासूला दिलेले वचन आपण लग्नसमारंभात ऐकतो. परंतु त्यानंतर काय झाले ते फारसे कोणी सांगत नाही. वेशीत बायका जमल्या, “ही नामीच का?” म्हणू लागल्या. नामी या नावाचा अर्थ मनोरम. ती म्हणाली, मला त्या नावाने हाक मारू नका, मारा म्हणा, कडू म्हणा. मी भरलेली गेले आणि देवाने मला रिकामी परत आणले. हे ती बोलली तेव्हा रूथ तिच्या शेजारीच उभी होती! आपला देश, आपली माणसे, आपली भाषा सोडून जी आली, तिच्या देखत सासू सांगते की मी रिकामी आले.

आपल्यापैकी किती जणींनी हे अनुभवले असेल! कोल्हापूर-मिरजेकडची मुलगी बेळगावात नांदायला येते, बाजारातले कानडी शिकते, सासरच्या चालीने स्वयंपाक शिकते, आणि पंधरा वर्षांनी पाहुण्यांसमोर सासूबाई म्हणतात, “मला मेलीला कोण आहे?” रूथने त्यावर काय उत्तर दिले? शास्त्रात उत्तर नाही. पुढच्या अध्यायाच्या आरंभी ती एवढेच विचारते की, मी शेतात सरवा वेचायला जाऊ का? सातूची कापणी चालू होती. शेताचे कानेकोपरे आणि गळालेली कणसे गरीब व परदेशी यांच्यासाठी ठेवावीत असा नियमशास्त्राचा दंडक होता, म्हणून ती संध्याकाळपर्यंत वाकून वेचू शकली. संध्याकाळी तिने झोडलेले सातू आणले आणि स्वतःच्या जेवणातून राखून ठेवलेले सासूपुढे ठेवले.

मला यात दोन गोष्टी दिसतात. देवाने नामीला तिच्या कडू बोलण्याबद्दल कोठेही रागे भरलेले नाही. आणि रूथने तिचे मन वळविण्याचा खटाटोप केला नाही. सासूचा स्वभाव बदलणे हे तिने आपले काम मानलेच नाही. दिवसाचे धान्य आणणे हे मानले. नामीची जीभ नंतर आपोआप सैल झाली, पण ती धान्य पाहिल्यावर, उपदेश ऐकून नव्हे.

आता आपल्याच भाषेतील एक उदाहरण. लक्ष्मीबाई टिळक १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथे जन्मल्या, कडक सोवळ्याच्या घरात वाढल्या. शाळेचे शिक्षण नव्हते. अक्षरओळख पतीने करून दिली. ते पती, नारायण वामन टिळक, यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की, या बाईच्या पायांखालची जमीनच सरकली. लहान मुलगा पदरी, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि भोवताली सल्ला देणारे उदंड.

त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ती लोक हा शेवटचा प्रसंग तेवढा आनंदाने सांगतो. मला मधली पाच वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. पती गेला म्हणून ती लगेच मागे गेली नाही, आणि जग म्हणाले म्हणून तिने त्याला मनातून टाकलेही नाही. रागावली, रडली, भांडली, भेटली, पुन्हा रागावली; आणि शिवाशिवीचा प्रश्न तिने स्वतःच्या बुद्धीने सोडवला. नवऱ्याच्या धर्मासाठी नव्हे, स्वतःला पटले म्हणून ती आली. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते. ते पुढे नेण्याचे काम जिने अंगावर घेतले ती ही, शाळा न पाहिलेली बाई.

येथे कोणी म्हणेल, म्हणजे बाईने सोसतच राहावे असे तुमचे सांगणे. तसे मुळीच नाही. हागारेची गोष्ट आठवा. सारेच्या जाचाला कंटाळून ती दासी रानात पळाली तेव्हा देवदूताने तिला नावाने हाक मारली आणि परत जा म्हणून सांगितले. हा भाग व्यासपीठावरून बऱ्याचदा ऐकू येतो. पण पाच अध्याय पुढे वाचा. दुसऱ्यांदा तिला मुलासह घालवून देण्यात आले, पखालीतले पाणी संपले. तेव्हा देवाने तिला परत जा म्हटले नाही. तिचे डोळे उघडले, आणि तिला विहीर दिसली. तिचे जगणे पुढे त्या रानातच झाले.

तेव्हा, ज्या घरात हात उगारला जातो तेथील बाईला ‘क्षमा कर आणि परत जा’ एवढेच सांगून मंडळीने मोकळे होऊ नये. क्षमा ही अंतःकरणाची गोष्ट आहे, परत जाणे ही जिवाच्या सुरक्षिततेची गोष्ट आहे; दोन्हींची गाठ मारणाऱ्यांनी आधी त्या घरात चार दिवस राहून पाहावे. कायद्यानेही आज विहीर दाखविली आहे. १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यात ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरत असे, पण पत्नीला केवळ व्यभिचारावर किंवा केवळ क्रूरतेवर सुटका मिळत नसे. ही विषमता २००१ च्या दुरुस्तीने गेली. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तर मारहाणीबरोबरच मानसिक छळ आणि पैशाची कोंडीही धरतो, आणि राहत्या घरातून बाईला बेकायदा हुसकता येत नाही असे सांगतो. १८१ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आपल्या भजनाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यास काय हरकत आहे?

मुलगा नोकरीला परगावी जाणे, लेकीचे सासर, पन्नाशीनंतरचे शरीराचे बदल, अचानक आलेले वैधव्य, यांवरही मला बोलायचे होते. पण वेळ थोडा आहे, आणि दुपारच्या बैठकीत त्या त्या भगिनी ते माझ्यापेक्षा चांगले सांगतील. त्यांना मध्येच वचने सांगून थांबवू नका, एवढी विनंती.

नामीचे शेवटी काय झाले ते सांगते. रूथने बवाजाशी लग्न केले, मुलगा झाला, आणि आजीने त्याला उराशी धरले. तेव्हा त्याच गावच्या बायका पुन्हा जमल्या. ज्या वेशीत तिचे कडू शब्द ऐकून घेत उभ्या होत्या, त्यांनीच आता तिला सांगितले की, ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे. हे नामीच्या तोंडून आलेले नाही, शेजारणींनी तिच्या वतीने म्हटले. बाळाचे ओबेद हे नावही त्यांनीच ठेवले.