ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक हवा
(शहागड येथील बैठकीतील भाषण)



कापूस, ज्वारी भरून आपण धुळे-सोलापूर महामार्गावर येतो. ट्रॅक्टर दोन टनांचा, भरलेली ट्रॉली चार-पाच टनांची. ब्रेक मात्र बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरलाच. उतारावर ब्रेक दाबला की ट्रॉली मागून रेटते आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

अमेरिकेत बऱ्याच ट्रॉलींना विजेचा ब्रेक असतो. तो वायरने चालवावा की बिनतारी, हा तिथला प्रश्न. आपल्याकडे मुळात ब्रेकच नाही!

नवी ट्रॉली घेताना ट्रॅक्टरच्या ब्रेकला ऑइलच्या पाईपने जोडलेला ब्रेक मागा. पाईप गळला तर डोळ्यांना दिसतो, मिस्त्री बदलून देतो. बिनतारी डबी बिघडली तर ती कोण उघडणार?

तोवर एवढे पाळा. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडा. उतारावर न्यूट्रल करू नका. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. ट्रॉलीमागे तांबडे रिफ्लेक्टर लावा.

मालाचा भाव आपण भांडून घेऊ. त्यासाठी माल घालून माणूस घरी परतला पाहिजे.