शेणाचे खत होते म्हणजे काय होते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. मोठा विषय मला पेलणार नाही, म्हणून पाहण्यातलाच घेतला आहे. तो म्हणजे शेण. नाके मुरडू नका. आपण कोपरीत चाळींत आणि इमारतींत राहतो खऱ्या, पण तुळशीची कुंडी बहुतेक घरी आहेच. तिला ताजे शेण घातले की कुजलेले, यावर तिचे जगणे-वाळणे ठरते.

माझ्या माहेरी, आपल्या ठाणे जिल्ह्यातच, भाताचे बी पेरण्याआधी राब भाजतात. वाफ्यावर शेण, पाला, डहाळ्या पसरून पेटवतात. त्याने तणाचे बी मरते, राख मिळते, हे खरेच. राखेत पालाश व स्फुरद उरतात. पण नत्र बहुतेक धुरावाटे निघून जाते. आणि रोपाला वाढ व हिरवेपणा देते ते नत्रच!

मग शेण ताजेच घालावे काय? तेही नको. ताज्या शेणात गोमूत्र मिसळले की अमोनिया सुटतो. गोठ्यात डोळे चुरचुरतात ते त्यानेच. तो कोवळी मुळे भाजतो. शिवाय ताज्या शेणात तणाचे बी आणि रोगजंतू जिवंत असतात.

आता कुजताना काय होते ते पाहू. शेण, पालापाचोळा आणि थोडी माती यांचे थर दिले की डोळ्यांना न दिसणारे जीव कामाला लागतात. कर्ब हे त्यांचे सरपण आणि नत्र हे त्यांचे पोषण. एक भाग नत्राला २५ ते ३० भाग कर्ब असला की त्यांचे काम नीट चालते. पेंढ्यात कर्ब फार, शेणात त्या मानाने नत्र जास्त. म्हणून दोन्ही मिसळायचे. मोठा ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. राबाने बी मरते तसे इथेही मरते, तेही काडी न ओढता. बराचसा कर्ब हवेत जातो, म्हणून ढीग खाली बसतो. नत्र मात्र पुष्कळसे त्या जीवांच्या अंगात बांधले जाते. ढीग निवल्यावर दुसरे जीव उरल्या अमोनियाचे नायट्रेट करतात, ते मुळे घेतात. स्फुरद, पालाश उडून जात नाहीत. पण पालाश पावसाने वाहून जातो, म्हणून वर झाकण हवे. थोडे नत्र याही रीतीत जाते. ढिगाला अमोनियाचा उग्र वास आला तर ते जात आहे असे समजावे आणि सुका पाला घालावा.

ही रीत शास्त्राने तपासलेली आहे. इंदूरला आल्बर्ट हॉवर्ड यांनी ती बसवली आणि १९३१ साली यशवंत वाड यांच्यासह तिच्यावर पुस्तक लिहिले. पुढे पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी 'नाडेप' टाके दिले. ते १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असते आणि हवेसाठी विटांमध्ये भोके ठेवतात. त्यात सुमारे १०० किलो शेणावर १४०० ते १५०० किलो काडीकचरा कुजतो. थोडक्या शेणात एवढे खत! मग शेण जाळावे कशाला?

आपल्याला टाके नको. भोके पाडलेली जुनी बादली पुरे. तळाशी सुका पाला, वर भाजीचे देठ, मूठभर शेण, माती, पुन्हा पाला. ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवावी आणि आठवड्याने खालीवर करावे. छोटी बादली फारशी तापत नाही, म्हणून घाई करू नये. आणि कच्च्या खायच्या कोथिंबिरीला हे खत घालू नये. रंग काळा, वास पहिल्या पावसातल्या मातीसारखा, हाताला ऊब नाही, मग खत झाले म्हणावे.

भगिनींनो, पुढच्या हळदीकुंकवाला वाणात या खताची एकेक पुडी द्यावी, एवढी माझी सूचना आहे.